शामरावकाकांचं गोल तळं

शामरावकाकांच्या सदऱ्याच्या खिशात पेनाच्या जागी मोजपट्टी असते. आमच्याकडे चहाला आले तरी बसण्याआधी ओटा मोजतात. "दोन बोटं आत घेतला तुमच्या मिस्तरीनं," असं सांगून मगच चहा बशीत ओततात. सगळी नोकरी जमीनमोजणीच्या खात्यात गेली. नांदगाव खंडेश्वरकडच्या धुऱ्यांची, म्हणजे शेतांच्या हद्दींची, अर्धी भांडणं त्यांनी मिटवली; उरलेली त्यांनीच लावून दिली, असं लोक म्हणतात. "आंदी कोपरा दाखवा, मंग बोला," हे त्यांचं पालुपद. लग्नाच्या मांडवातही त्यांनी ते ऐकवलं आहे.

असा माणूस यंदा शेततळं खोदायला निघाला, आणि तेही गोल. माझं वावर त्यांच्या धुऱ्याला लागून, म्हणून पहिल्याच दिवशी मी मजा पाहायला हजर. काकांनी मधोमध खुंटी ठोकली, दोरी ताणली आणि फक्कीनं वर्तुळ आखलं. पोकलेनवाला खाली उतरून डोकं खाजवत राहिला.

"काका, शेततळं चौकोनी रायते. आतली प्लास्टिकची पन्नीबी चौकोनीच येते. हे गोल काहून?"

"तू खोद."

"कोपरे काढून देतो ना चांगले."

"कोपरा नको म्हटलं ना तुले."

जन्मभर कोपरे शोधणाऱ्या माणसाला कोपरा नकोसा झाला, यावर गावानं महिनाभर करमणूक करून घेतली. मीही कमी नव्हतो. "काका, एवढी मोठी विहीर कोनासाठी?" असं मी चारचौघांत विचारलं. आज मला त्याची लाज वाटते.

पाणी भरायच्या आधीच त्यांनी आतल्या काठानं खांद्याइतकी उंच जाळी लावली, बांधावर मुरूम टाकून वाट सपाट केली. मग एका सकाळी इंदूकाकूंना घेऊन आले. काकूंना दोन वर्षांपासून काही आठवत नाही. घरातून निघायच्या आणि अमरावतीच्या रस्त्यावर सापडायच्या. दार लावून घेतलं, की आत रडत बसायच्या.

"डॉक्टर म्हणे, चालू द्या तिले," काका मला सांगू लागले. "वावराच्या धुऱ्यानं फिरवून पाह्यलं. पन कोपरा आला का थांबे. इकडं मुरडू का तिकडं, तिले समजेना. तिथंच उभी राहून रडे. गोलावर तसं नाही. चालत राह्यली का येते माह्याजवळ."

मला त्यांच्याकडे पाहवेना. आम्ही बाभळीखाली बसलो होतो. काकू एक फेरी पुरी करून आल्या, आमच्यापुढे थांबल्या. त्यांनी पदर सावरला आणि काकांना विचारलं, "कोनाकडं आले तुमी?"

"शामरावकडं."

"ते मोजणीवर गेले. येतीन आता. बसा, जाऊ नका."

"बसतो, बाई," काका म्हणाले.

काकू समाधानानं पुढच्या फेरीला निघाल्या.