सातशे वीसच्या वर नाही

आमच्या तालुक्याच्या गावी, गोरेगावात कुणी जुनी कॅसेट घेऊन टेंभुर्णे भाऊंकडे गेलं आणि "जरा एचडी करून द्या" म्हणालं, की भाऊ त्याला चपलासुद्धा काढू देत नाहीत. बसवायचंच नसतं ना!

"कॅसेटात हाय तेवढंच निघते! सातशे वीस बाय पाचशे शहात्तर ठिपके. वरचे ठिपके मी का घरून आनू?"

भाऊ आयटीआयतून रिटायर झालेले. जुना कॉम्प्युटर, त्यात त्याहून जुनं टीव्ही कार्ड. त्या कार्डातून लोकांच्या लग्नाच्या कॅसेटी कॉम्प्युटरमध्ये उतरवून देतात. फुकट देतात, म्हणून बोलूनही घेतात.

माझ्या लग्नाची कॅसेट दिली, तर महिना झाला! विचारलं की, "करून राहिलो ना बाई, काऊन घाई करता?" अहो, लग्न माझं, कॅसेट माझी, आणि चकरा मीच मारायच्या!

शेवटी भांडायलाच गेले, तर भाऊ माझ्याहून तापलेले. कार्ड चालवणारा एक प्रोग्राम असतो, ड्रायव्हर म्हणतात त्याला. झेपत नाही एवढं मोठं चित्र मागितलं की तो सरळ नाही म्हणायचा, पडदा काळा. साठी उलटल्यावर भाऊंनी त्याची भाषा शिकून दुरुस्ती केली. कितीही मोठं मागा, त्यानं आपली मर्यादा सांगावी आणि तेवढं चित्र द्यावं. ती दुरुस्ती त्यांनी इंटरनेटवरून तो प्रोग्राम सांभाळणाऱ्यांना पाठवली. उत्तर आलं, हे कार्ड आता वापरतं कोण? आम्ही ड्रायव्हरच काढून टाकतोय.

"कोन वापरते म्हने! अरे, मी वापरून राहिलो ना! मी का मेलो? ड्रायव्हर गेला का कार्ड गेलं. तालुक्यात अजून कितीक कॅसेटी पेट्यांत पडून हायेत!"

मीही पेटले. "तालुक्याचं राहू द्या! दोन दिवसांचं काम, महिनाभर काय करत होता?"

भाऊंनी स्क्रीन माझ्याकडे वळवली.

माझ्या लग्नाची पंगत होती. वाढणाऱ्या बायांमध्ये शेवंता वहिनी, भाऊंची बायको. त्यांना जाऊन सहा वर्षं झाली. गावातल्या कुठल्याच लग्नात वहिनींशिवाय वरण वाढलं जायचं नाही, पण कॅमेऱ्याचा लाईट आला की पदर तोंडावर! भाऊ इतकी वर्षं लोकांच्या कॅसेटींत त्यांनाच शोधत होते, आणि दर वेळी मिळायची ती पाठ, पदर, नाहीतर हातातली बादली.

आमच्या पंगतीत मी, नवरी, मोठ्यानं ओरडले होते, "वहिनी, मला अजून वाढा!" वहिनी वळल्या आणि पदराचं भान न राहता हसल्या. चार सेकंद.

माझा राग कुठल्या कुठे गेला. डोळ्यांत पाणीच आलं. "भाऊ, चेहरा थोडा मोठा करा ना."

"करून पाह्यला बाई. मोठा केला का नुसते चौकोन दिसतात, थे दिसतच नाही."

त्यांनी पुन्हा ते चार सेकंद लावले. "मांगं सरका थोड्या. दुरून पाह्यली का बराबर दिसते."

आम्ही दोघंही भिंतीपर्यंत मागं सरकलो.