दवाखान्यावरील सावली उतरविल्याची हकीकत

गावच्या मारुतीस साक्ष ठेवून, जैसे घडले तैसे लिहितो. शके एकोणीसशे सतरा, युवा नाम संवत्सरी, मार्गशीर्ष मासी, मौजे पिंपळओढे, तालुके माण, येथील दवाखान्यावर बाका प्रसंग गुदरला.

तेथील मुख्त्यार सुरेखा सिस्टर. त्यांचे हवाली एक फ्रीज, आणि त्यात रविवारचे पोलिओ डोस, एकशे बारा लेकरांचे. गावच्या विजेचा भरवसा नाही, सबब छपरावर सोलरच्या चार प्लेटा, एका तारेत ओवलेल्या, त्या बॅटरी भरीत, तीवर फ्रीजची मदार. त्यांचा लोखंडी सांगाडा सरपंच नानासो यांनी वडिलांचे स्मरणार्थ बक्षीस दिधला, आणि वडिलांचे नावाचा थोर फलक सडकेवरून दिसावा म्हणोन दक्षिणेस उभा केला. तेव्हा चैत्र होता, ऊन डोकीवर, कोणास काही वाटले नाही. मग सूर्याने दक्षिणेस कूच केले आणि फलकाची सावली एका प्लेटेवर चालून आली.

बॅटरी खचली. फ्रीजचा काटा आठ अंशांस भिडला. वर जाता तर डोस बाद. गुरुवारी गाव छपरावर चढला. प्लेटा राखेने घासल्या, नारळ फोडिला, चौघींस झेंडूचे हार घातले. तो बॅटरी अधिकच बसली.

मग मुंबईस गिरणीत वायरमन असलेला कृष्णात, रजेवर आलेला, त्याने हार काढिले आणि बोलिला, "आवं, चौघी हात धरून उभ्या हायती. एक सावलीत बसली की बाकीच्यांचाबी जोर जातुया."

सिस्टरांचा हुकूम सुटला की फलक तत्काळ उतरवावा. कोणी हलेना. सरपंचाचे बापाचे नाव उतरविणार कोण? इतक्यात खुद्द नानासो काठी टेकीत आले. वयाचे तिसरे वर्षी ताप येऊन त्यांचा डावा पाय गेला होता, हे सर्वांस ठाऊक.

नानासोंनी काठी फलकाकडे रोखली. मग बोलिले, "आवं सिस्टर, बानं मला खांद्यावर घिऊन शाळंला न्हेलं, चौथीपातूर. त्याच्या नावानं पोरांचं पाय जात्याल, ही त्याला सोसंल व्हय? उतरवा, रं!"

फलक उतरला, उत्तरेस दाराशी लागला. चारी प्लेटांवर सूर्याचा अंमल बसला आणि शुक्रवारी काटा चारावर आला. आमचेकडील नुकसानी: नारळ एक, हार चार.

रविवारी एकशे बारा लेकरांस डोस पावले. नानासो दाराशी, बापाचे नावाखाली, शेवटचे लेकरू जाईतो उभे होते. चालणारी चालत घरी गेली, बाकीची कडेवर. तीही चालतील, म्हणोन फत्ते लिहिली.