सतराव्या प्रश्नाची उलटी रेघ

परीक्षा मंडळातल्या संख्याशास्त्रज्ञाने सतराव्या प्रश्नाचा आलेख तिसऱ्यांदा काढला, तरी रेघ आपली खालीच! मुलगा जितका हुशार, तितकी उत्तर बरोबर येण्याची शक्यता जास्त. म्हणजे रेघ वर चढायला हवी. इथे वरच्या नंबरांतले झाडून सगळे चुकले होते आणि काठावरच्यांनी बाजी मारली होती.

प्रश्न असा : एक शर्ट उन्हात एका तासात वाळतो, तर पाच शर्ट किती वेळात वाळतील? उत्तरसूचीत होतं, पाच तास.

"प्रश्न रद्द करू," साहेब म्हणाले, "पण तो काढणाऱ्याची सही पाचच्या आत आणा. निकाल अडला, तर नोकरीत कायम व्हायचं विसरा."

प्रश्न काढणारे म्हणजे त्याचे सासरे. पस्तीस वर्षं गणित शिकवलं, पण चूक एकदाही कबूल केली नाही. आली का पंचाईत! पण गडी हटणारा नव्हता. कागद घेऊन त्याने थेट सासुरवाडी गाठली.

"बाबा, पाचही शर्ट एकदमच वाळत घालतात की!"

"एकाला एक तास, पाचाला पाच. त्रैराशिक शिकलात ना, जावईबापू?"

"अहो, सगळी हुशार मुलं चुकलीत."

"मग ती हुशार कसली?"

आता करून दाखवल्याशिवाय गत्यंतर नव्हतं. साडेतीनला दोघांनी सासऱ्यांचे पाच शर्ट भिजवले आणि न पिळताच गॅलरीतल्या दोरीवर टाकले. पाचव्या शर्टाला दोरी तुटली. शर्ट गेले खालच्या बाईंच्या कुंड्यांत, आणि बाईंनी अख्खी इमारत डोक्यावर घेतली. जावई खाली धावला, हातापाया पडला, चिखलाचे शर्ट वर आणून पुन्हा धुतले, दोरीला गाठ मारली. तोवर साडेचार वाजले. तरी तो दोरीखालून हलला नाही.

तेवढ्यात सासूबाई बाजारातून आल्या. गॅलरीभर पाणी.

"अगंबाई! हे काय आरंभलंय?"

"आई, पाच शर्ट किती वेळात वाळतात?"

"एका तासात. पिळले तर!" त्या नवऱ्याकडे वळल्या. "अहो, तुम्ही जन्मात एक रुमाल तरी वाळत घातलाय का?"

सासऱ्यांनी टपटपणाऱ्या बाह्यांकडे एकदा पाहिलं. मग घसा खाकरून म्हणाले, "आणा तो कागद."

सही केली. खाली कारणाचा रकाना होता. त्यात त्यांनी सुवाच्य अक्षरात लिहिलं : प्रश्न अभ्यासक्रमाबाहेरचा.

सासूबाईंनी मान वाकडी करून वाचलं.

"हे मात्र अगदी बरोबर लिहिलंत हो," त्या म्हणाल्या.