दोन्ही बाजूंचे मुन्शीजी

मुन्शीजींनी एकदा सकाळी एका शेतकऱ्याचा अर्ज लिहिला. शेजाऱ्यानं माझा बांध कोरला, इन्साफ व्हावा. दुपारी तोच शेजारी त्यांच्यापुढं येऊन बसला. त्याचा जबाबही मुन्शीजींनीच लिहायला घेतला आणि लिहिता लिहिता इतके रंगात आले, की चष्मा कपाळावर सारून म्हणाले, "सकाळचा अर्ज कोण्या लबाडानं लिहिला हो? एक हरफ खरा न्हाई त्यात!"

"तुमीच लिहिला की, मुन्शीजी," शेजारी म्हणाला.

"असं? मंग त्याचंबी बरोबर हाय," म्हणून ते पुढं लिहू लागले.

हे किशनराव अर्जनवीस. सगळी परभणी त्यांना मुन्शीजी म्हणायची. ही ऐंशीच्या दशकातली गोष्ट. मी तेव्हा पाटबंधारे खात्यात कारकून होतो आणि मुन्शीजी आमच्या भिंतीला भिंत लावून राहायचे. कचेरीबाहेरच्या लिंबाखाली पत्र्याची पेटी, पेटीवर कागद, कागदावर दौत, असा त्यांचा संसार. निजामाच्या काळात उर्दू शाळेत शिकलेले. मराठी अक्षर मात्र असं, की तहसीलदार अर्ज फेटाळायचे पण कागद जपून ठेवायचे. त्यामुळं वादी उठला की प्रतिवादी लगेच त्याच्या जागेवर बसायचा. भांडण कोर्टात, आणि चहा एकाच किटलीतला.

समोरच्याचं म्हणणं त्याच्यापेक्षा चांगलं मांडायचं, याला ते कैफियत म्हणत. आणि कुणी एका बाजूनंच बोलू लागला की बोट वर जायचं. "थांबा! दुसरी कैफियत राह्यली!"

आमच्या घरी मी आणि सौ. भांडू लागलो की हे वाक्य भिंतीपलीकडून यायचं. दुसरी कैफियत अर्थातच माझी असायची, कारण पहिली संपेपर्यंत मला संधीच नसे. मग मुन्शीजी येऊन माझी बाजू मांडायचे. ती इतकी भक्कम असायची, की मला स्वतःविषयी आदर वाटू लागे. मग तितक्याच भक्कमपणे ते सौ.ची बाजू मांडायचे आणि तो आदर चहा उकळायच्या आत निघून जाई.

त्यांचं लग्न राहिलं तेही यापायी. पोरगी बघायला गेले. पोरीचा बाप गरीब, म्हणाला, "आमचं काई म्हणणं न्हाई."

मुन्शीजींना राहवेना. "म्हणणं कसं न्हाई? माणूस दिवसभर लिंबाखाली. घरी सासू. सोभाव चिकित्सक. आन् वय बघा माझं!"

बापाला सगळं पटलं. पोरगी दुसरीकडं दिली. मुन्शीजी परत येऊन म्हणाले, "बापाचा जबाब लय मुद्देसूद होता."

दुसऱ्यासाठी लिहिताना एकदाच काय तो त्यांचा हात अडला. नामांतराचे दिवस. विद्यापीठाचं नाव बदला, म्हणणाऱ्यांना त्यांनी तीनपानी निवेदन लिहून दिलं. दोन दिवसांनी नाव बदलू नका म्हणणारे आले. मुन्शीजी म्हणाले, "शाई संपली." दौत काठोकाठ भरलेली सगळ्यांना दिसत होती.

"कामून मुन्शीजी, दुसरी कैफियत राह्यली ना?" एकानं टोमणा मारला.

"दुसरी बाजू असंल तिथं मी लिहितो. इथं मला ती दिसंना झालीय." पेटी बंद करून त्या दिवशी ते लवकर घरी आले. पुढं काही दिवस लिंबाखाली गर्दी कमी होती.

अशा माणसाच्या जिवाला घोर एकच होता. माय. पंच्याहत्तरीची, कानानं तिखट, पायानं अधू. धाकटा भाऊ ज्ञानोबा गंगाखेडकडं ऊस लावायचा. दर दिवाळीनंतर तो मायला न्यायला यायचा आणि दरवर्षी थोरला काहीतरी कारण काढून पुढं ढकलायचा. त्या वर्षी मात्र ज्ञानोबा पक्का ठरवून आला होता. न्यायचं ते कायमचं.

"दादा, औंदा मी रिकामा जायचो न्हाई. तिथं सून हाय, नातवंडं हायेत. इथं माय दिवसभर भिंतीशी बोलायलीय."

"भिंतीपलीकडं शेजार हाय," मुन्शीजी म्हणाले. शेजार म्हणजे आम्ही. मी उगाच ताठ बसलो.

माय म्हणाली, "मला काय मधोमध कापायलाव का रे? तुमी ठरवा. मी पिशवी भरून ठिवते. न्हाई जायचं तर उपसीन."

ठरेना. दोन दिवस पिशवी तशीच दाराशी. तिसऱ्या दिवशी शनिवार. सौ. म्हणाली, "एकमेकांची तोंडं बघत बसण्यापेक्षा सिनेमाला तरी चला." त्यात माणूस उडतो, हे कळल्यावर माय लुगडं बदलून तयारच झाली. तीनच्या खेळाला आम्ही पाचजण दोन रिक्षांतून गेलो.

सिनेमा हिंदी होता. दोन मुखवटेवाले वीर. एक गरुडवाला, तो उडायचा. दुसरा वाघवाला, तो लोखंडी दारं पापडासारखी मोडायचा. दोघं जिवाभावाचे दोस्त, शहराचे राखणदार. पहिला तासभर दोघांनी मिळून गुंडांना धुतलं. पुढच्या बाकांवर शिट्ट्या थांबेनात. माय दर गुंडामागं म्हणायची, "आस्संच पाहिजे."

मग गाडं अडलं. वाघवाल्याला लहानपणी एका मास्तरानं पोसलेलं. त्या मास्तरावर पूल उडवायचा बेत केल्याचा आळ आला. सरकारनं गरुडवाल्याला हुकूम दिला, त्याला धरून आण. गरुडवाल्यानं सरकारला वचन दिलेलं, हुकूम मोडणार नाही. वाघवाल्यानं मास्तरला स्वतःच्या घरात लपवलं. ज्याच्या हातचं खाल्लं त्याला देणार नाही, म्हणाला. आणि तासभर खांद्याला खांदा लावून लढलेले ते दोघं त्याच पुलावर एकमेकांसमोर उभे राहिले.

थेटरात सामसूम. शिट्टी कुणासाठी वाजवावी हेच कुणाला कळेना. एकानं वाजवली, ती अर्ध्यात गिळली. गरुडवाल्यानं वाघवाल्याला पहिला ठोसा मारला तसे मुन्शीजी खुर्चीतून उठले. बोट वर.

"थांबा! दुसरी कैफियत राह्यली!"

"ओ काका, खाली बसा! डोक्यातून बघावं काय आमी?" मागून आवाज आला.

पडद्यावरचे दोघं काही थांबले नाहीत. पूल कोसळला, मुखवटे फुटले. शेवटी गरुडवाला एका दिशेला गेला, वाघवाला दुसऱ्या, आणि खेळ संपला. कोण बरोबर, कोण चूक, काही नाही. मास्तरनं खरंच बेत केला होता का, तेही नाही. लोकांनी दारावरच्या माणसाला घेरलं. "फैसला कुठाय? शेवटचं रीळ कापलं का?" तो बिचारा म्हणाला, "आमी निस्ती तिकिटं फाडतो, मालक. फैसला मुंबईहूनच आला न्हाई."

दिवेलागणीला आमच्या अंगणात वाद पेटला. मी सरकारी नोकर, म्हणून गरुडवाल्याकडून. "हुकूम म्हणजे हुकूम."

सौ. म्हणाली, "म्हणजे उद्या साहेबानं हुकूम काढला तर मलाबी धरून न्याल."

"असा हुकूम काढायची साहेबाची छाती नाही," मी म्हणालो. ही माझी त्या दिवसातली एकमेव यशस्वी कैफियत.

ज्ञानोबा वाघवाल्याकडून. "ज्यानं वाढवलं त्याला कसं सोडावं वो?" असं म्हणताना त्यानं थोरल्याकडं बघितलं. बाप लवकर गेला तेव्हा मुन्शीजींनीच त्याला खांद्यावर वाढवलेला.

मुन्शीजींनी पेटी आणली. तिथंच मांडी घालून दोन्ही वीरांच्या कैफियती लिहिल्या आणि वाचून दाखवल्या. "अर्जदार वाघवाला, धंदा लोकसेवा, अर्ज करतो की, कायदा मला मोठेपणी भेटला. मास्तर मला उपाशी असताना भेटला." सौ.नं पदर डोळ्यांना लावला. मीही गरुडवाल्याला सोडून इकडं आलो. तेवढ्यात दुसरा कागद. "अर्जदार गरुडवाला अर्ज करतो की, आज माझ्या दोस्तासाठी मी वचन मोडलं, तर ज्यांना कुणीच दोस्त नाही त्यांनी कुणाकडं बघावं?" सौ. आणि ज्ञानोबा तिकडं गेले. मी वाघवाल्याकडंच थांबलो. त्याच्याकडं कुणीतरी उरायला हवं होतं.

"मंग बरोबर कोण?" ज्ञानोबानं विचारलं.

"ते माझं काम न्हाई. मी निस्तं लिहितो."

इतका वेळ गप्प असलेली माय म्हणाली, "मी एक इचारू का? ह्या दोघांची माय कुठं राह्यती?"

आम्ही हसलो.

"हसता काय? येवढे तालेवार दोघं. येकानं तरी घरी जाऊन सांगितलं का, माय, आमचं बिनसलंय म्हणून? म्हातारीला इचारलं आसतं तर पूल तरी वाचला आसता."

ज्ञानोबा सावकाश म्हणाला, "दादा, मंग आपुन तसंच करू. दोघांचं म्हणणं मायपुढं ठिवू. पर मला तुमच्यावानी बोलता येत न्हाई. माझी कैफियत तुमीच लिहा."

मुन्शीजींनी टाक हातात घेतला आणि नुसताच धरून बसले. मी जवळ सरकून हळूच म्हणालो, "मुन्शीजी, धाकट्याचं जरा सैल हातानं लिहा."

साऱ्या परभणीत मला साहेब म्हणणारे ते एकटेच. म्हणाले, "साहेब, दोन्हीकडून लिहायचं तर हात सारखाच पाहिजे."

आधी ज्ञानोबाची बाजू लिहिली. वाचताना आवाज नेहमीसारखा, कचेरीतला. तिथं सून आहे, ती पाय चेपील. नातवंडं आहेत, ती गोष्टी मागतील. सगळ्यांना माहीत होतं ते सगळं आलं. मग पुढं वाचलं, "इथं माय दुपारी एकटी जेवते. ताट वाढून घेते आणि अर्धं झाकून ठेवते. श्रावणात तिला चक्कर येऊन ती चुलीजवळ पडली, तेव्हा थोरला कचेरीत होता. तिनं ते थोरल्याला सांगितलं नाही. पण पोळलेला हात लपत नाही."

हे ज्ञानोबाला कुठं माहीत होतं? त्यानं हे लिहायला सांगितलंच नव्हतं.

मग मुन्शीजींनी स्वतःचा कागद उचलला. "अर्जदार थोरला अर्ज करतो की, मायनं इथंच राहावं. कारणे..." आणि कागद खाली ठेवला. पुढं कोराच होता.

"कारणे काय?" मी न राहवून विचारलं.

"लिहायची राह्यली."

मायनं थोरल्याकडं बघितलं. "लिहिलास ते बरोबर लिहिलास," एवढंच म्हणाली. मग ज्ञानोबाकडं वळून, "सकाळची यष्टी कितीची रे?"

मुन्शीजींनी स्वतः पिशवी धरून तिला गाडीत बसवलं. खिडकीची जागा मिळावी म्हणून कंडक्टरशी भांडले, आणि मग कंडक्टरची बाजूही त्यालाच समजावून सांगितली.

पंधरा दिवसांनी संध्याकाळी मी ऑफिसातून आलो तर मुन्शीजी ओट्यावर पोस्टकार्ड घेऊन बसलेले. "साहेब, येक खत लिहून द्या. मायला."

मला वाटलं थट्टा करतायत. माझं अक्षर वाचायला आमचे साहेब मलाच केबिनमध्ये बोलवायचे. पण त्यांनी कार्ड माझ्या मांडीवर ठेवलं. म्हणाले, "लिहा. माय, तिथं तुझं बरं चाललंय हे कळलं. सून चांगली हाय. ज्ञानोबा गुणाचा हाय. तू तिथंच राहा. घाई करू नको."

कार्ड निम्म्याच्या वर भरलं. मी म्हणालो, "मुन्शीजी, ही सगळी ज्ञानोबाचीच बाजू झाली. तुमचं काय?"

ते पायाच्या अंगठ्यानं ओट्यावरचा पोपडा काढत बसले. "माझं तुमी लिहा. भिंतीपलीकडं तुमाला ऐकू येतं की."

ऐकू येत होतं. सौ.लाही येत होतं. आम्ही त्याबद्दल एकमेकांशीही बोललो नव्हतो. मी जमेल तितक्या सुवाच्य अक्षरात लिहिलं, "माय, मुन्शीजी रोज ताट वाढल्यावर तुम्हाला जेवायला हाक मारतात. मग त्यांना आठवतं."

त्यांनी कार्ड घेतलं, खाली सही केली आणि तरातरा टपालपेटीकडं निघाले. दोन मिनिटांत परत आले.

"पत्ता राह्यला."

कार्ड उपडं करून, मजकुराची बाजू मांडीकडं ठेवून, त्यांनी पत्ता लिहिला. मायचं नाव, गाव, तालुका. एकेक अक्षर कोरल्यासारखं. शाई वाळेपर्यंत फुंकर घातली.

"एकदा वाचून तर बघा, मी काय लिहिलंय ते," मी म्हणालो.

"न्हाई," ते उठत म्हणाले. "वाचलं तर खोडीन."