कांदा वेगळा!

या वर्षी आपल्या हातची फरसबी खाऊन सासूबाई स्वतःहून दुसऱ्यांदा वाढून घेणार, आणि नाही घेतलं तर आपण आर्डिस टोलेफ्सन हे नाव लावणार नाही, असं आर्डिसने मंगळवारी सकाळी नवऱ्याला ठणकावून सांगितलं. नवरा, म्हणजे वेंडल, टोस्ट खात होता. तो म्हणाला, "बरं." वेंडल सगळ्यालाच बरं म्हणतो.

या गर्जनेला कारण होतं. आर्डिसला बढती मिळाली होती. पावावरून फरसबीवर!

टोलेफ्सनांच्या घरी थँक्सगिव्हिंगच्या जेवणाला कोणी काय आणायचं हे सासूबाई ठरवतात. टर्की त्यांची स्वतःची. फरसबीचं हॉटडिश, म्हणजे सूपमध्ये कालवून ओव्हनमध्ये भाजलेली फरसबी, थोरल्या जावेचं, कॉरीनचं. आणि आर्डिसकडे पाव. तेही घरी केलेले नाही, दुकानातले, पिशवीतले! ज्या बाईला काही येत नाही असं घरादाराने एकमताने ठरवलेलं असतं तिला पाव आणायला सांगतात, हे अख्ख्या मिनेसोटाला ठाऊक आहे. आणि हे सगळं कशावरून? तर लग्न झालं त्या वर्षी आर्डिसने फरसबी नेली होती आणि ती मधोमध गार निघाली होती. सासूबाईंनी एक घास घेतला, काटा खाली ठेवला आणि म्हणाल्या, "वेगळंच आहे हो."

आता बाहेरच्या माणसाला यात काही वाटणार नाही. पण आमच्या मिनेसोटात कोणी कोणाला शिव्या देत नाही. राग अगदी अनावर झाला, जिभेवरचा ताबा पार सुटला, की आम्ही "वेगळंच आहे" म्हणतो. ज्याला म्हटलं तो बिचारा पुढे कित्येक वर्षं मान वर करत नाही. आर्डिसने तर मुलं मोठी होईपर्यंत केली नव्हती.

आणि या वर्षी कॉरीनचं मनगट मुरगळलं! हाताला ही एवढी पट्टी. सासूबाईंचा फोन आला, "फरसबी तू आण." मग बऱ्याच वेळाने, "जमेल ना?"

जमेल ना म्हणे! आर्डिसने फोन असा आपटला की वेंडल टोस्ट खायचा थांबला.

मंगळवारीच तिने सगळं करून ठेवलं. फरसबीचे डबे, मशरूम सूपचे डबे, दूध, मिरपूड आणि थोडासा सोया सॉस. कालवलं, निळ्या काचेच्या भांड्यात भरलं, वरून फॉइल घट्ट बसवलं. भांड्याच्या बुडाला चिकटपट्टीवर तिचं नाव होतंच. तळलेल्या कांद्याचा डबा मात्र तिने न उघडता पर्समध्ये ठेवला. खरी मेख तिथेच आहे. हॉटडिश आधी करून ठेवायचं तर कांदा वेगळा ठेवायचा आणि ओव्हनमध्ये ढकलताना वरून घालायचा. आधीच घातलात तर त्याची चिंधी होते. कॉरीन आधीच घालते. आणि लोक तिचं कौतुक करतात!

फ्रीजमध्ये जागा नव्हती, म्हणून भांडं गॅरेजमध्ये ठेवलं. नोव्हेंबरात गॅरेज म्हणजे दुसरा फ्रीजच, आणि पहिल्यापेक्षा मोठा.

बुधवारी दुपारी आर्डिस केस सेट करून आली. गॅरेजचं दार वर गेलं आणि तिची नजर फळीवर गेली. फळी रिकामी!

"वेंडल! माझं भांडं कुठाय?"

वेंडल प्रसन्न चेहऱ्याने बाहेर आला. बायकोने सांगायच्या आत एखादं काम उरकलं की त्याचा चेहरा असा होतो. सुदैवाने तो प्रसंग फारसा येत नाही.

"पोचवलं," तो म्हणाला.

"पोचवलं? कुठे?"

"हार्लन नेसकडे. काल रात्री त्याची मर्ना गेली गं. चर्चमधून फोन आला होता. मी गॅरेजमध्ये आलो, बघतो तर तू आधीच करून ठेवलेलं! मी म्हटलं, हिला कसं कळतं सगळं आधी?"

आर्डिसच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण ओरडणार कशी? त्याचं काय चुकलं होतं? गावात कोणी गेलं की आर्डिस हॉटडिश करते, फॉइल लावून गॅरेजच्या त्याच फळीवर ठेवते आणि वेंडल ते पोचवतो. इतक्या वर्षांत त्या फळीवर फॉइल लावलेलं भांडं दिसलं आणि गावात कोणी मेलेलं नाही, असं कधी झालंच नव्हतं!

"ते आईंकडे न्यायचं होतं, वेंडल! उद्याचं!"

वेंडलने बराच विचार केला. "मग वर कांदा का नव्हता?"

"कांदा वेगळा ठेवायचा असतो!" ती किंचाळली. शेजारच्या घराचा पडदा हलला. आर्डिसने लगेच हसून हात हलवला.

ती तडक दुकानात गेली. थँक्सगिव्हिंगच्या आदल्या संध्याकाळी फरसबीचे डबे शोधणाऱ्या माणसाकडे दुकानातली पोरं ज्या नजरेने बघतात, त्या नजरेने तिच्याकडे बघितलं गेलं. फरसबी नाही. मशरूम सूप नाही. बीटचे डबे मात्र मुबलक होते. पाव तर हवे तेवढे! पावाच्या त्या ढिगासमोर उभी राहून आर्डिस मनातल्या मनात वेंडलला जे जे म्हणाली ते चर्चला जाणाऱ्या बाईने म्हणायचं नसतं.

मग उरला एकच उपाय. भांडं परत आणायचं. बायको गेलेल्या माणसाच्या दारात जाऊन "अहो, आमची फरसबी द्या" असं म्हणायचं!

हार्लन नेसच्या गॅरेजचं दार उघडंच होतं. आर्डिसला वाटलं, देव पावला. हळूच आत जायचं, उचलायचं, निघायचं. पण आत बघते तर काय! कपडे धुवायच्या यंत्रावर, बर्फ काढायच्या मशीनवर, कामाच्या टेबलावर, जिथे सपाट जागा तिथे फॉइल लावलेलं भांडं. अख्खं चर्च येऊन गेलं होतं. ती एकेक भांडं उचलून, वाकून, बुडावरची नावं वाचायला लागली.

"आर्डिस?"

भांडं डोक्यावर धरलेल्या अवस्थेत ती वळली. दारात हार्लन उभा. स्वेटर उलटा घातलेला.

"मी… जरा नीट लावत होते," आर्डिस म्हणाली. "फार वाईट झालं हो, हार्लन."

"हो ना," हार्लन म्हणाला. मग त्या सगळ्या भांड्यांकडे बघत राहिला. "एकट्या माणसाने हे खायचं कधी? तुम्ही न्या ना एखादं."

बघा! देव खरंच पावला होता! आणि आर्डिसच्या तोंडून काय बाहेर पडलं?

"छे छे, नको हो!"

तिचा इलाज नव्हता. कोणी काही देऊ केलं की पहिल्यांदा नको म्हणायचं, दुसऱ्यांदा अगदीच नको म्हणायचं आणि तिसऱ्यांदा "तुम्ही एवढं म्हणताय तर" म्हणून घ्यायचं, हे आमच्या रक्तातच आहे. पहिल्या खेपेला हो म्हणणारा माणूस एकतर न्यूयॉर्कचा असतो, नाहीतर दोन दिवसांचा उपाशी.

"अहो न्या. वायाच जाईल," हार्लन म्हणाला.

"नाही नाही, तुम्हालाच लागेल," आर्डिस म्हणाली, आणि हात पुढे करायच्या तयारीत उभी राहिली.

तिसरा आग्रह काही आला नाही. आर्डिस थांबली. घसा खाकरला. पर्स या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली.

"बरं," हार्लन म्हणाला. "गाडी सांभाळून चालवा हं. रस्ता निसरडा आहे."

गाडीत बसल्यावर तिच्या लक्षात आलं. त्या घरात तिसऱ्यांदा आग्रह मर्ना करायची. दोनदा हार्लन म्हणायचा आणि तिसऱ्यांदा आतून मर्ना ओरडायची. आर्डिसला हार्लनची दया आली, आणि दया आली म्हणून तिला आणखीच राग आला. चांगलं रागवायचं म्हटलं तर तेही धड करू देत नाहीत लोक!

घरी आल्यावर तिने वेंडलला फैलावर घेतलं. वेंडलने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "आपण हार्लनला उद्या आईकडे जेवायला बोलावू."

"आता हे काय मध्येच?"

"रिकाम्या हाताने येणार नाही तो. आणि त्याच्याकडे आहे काय? फरसबीच."

याला डोकं होतं! एवढी वर्षं कुठे ठेवलं होतं याने?

आईला विचारून वेंडलने फोन लावला. "नको" झालं, "अगदीच नको" झालं, तिसऱ्या खेपेला हार्लन हो म्हणाला.

"काय? काही आणू का म्हणतोस? नको रे… बरं, आण मग काहीतरी."

"निळं भांडं म्हण!" आर्डिस दात-ओठ खात कुजबुजली.

वेंडलने फोनवर हात ठेवला. "असं कसं म्हणायचं?"

दुसऱ्या दिवशी सासूबाईंच्या स्वयंपाकघरात आर्डिस पर्स छातीशी धरून उभी होती. आत कांद्याचा डबा. हार्लन आला की भांडं घ्यायचं, कांदा पसरायचा, ओव्हनमध्ये ढकलायचं. कुणाला काही कळणार नव्हतं.

"फरसबी कुठाय?" सासूबाईंनी विचारलं.

"येतेय, आई."

"येतेय म्हणजे? चालत?"

तेवढ्यात वेंडल गाडीतून पिशवी घेऊन आला आणि टेबलावर ठेवली. पाव!

"खबरदारी म्हणून आणले," तो म्हणाला.

सासूबाईंनी पावाकडे पाहिलं, मग आर्डिसकडे पाहिलं. "हं. नेहमीसारखे." कॉरीन पट्टी बांधलेला हात कुरवाळत गालातल्या गालात हसली. त्या क्षणी आर्डिसला घटस्फोट आणि खून यांतलं सोपं कोणतं ते ठरवता येईना.

बेल वाजली. हार्लन! हातात फॉइल लावलेलं भांडं! आर्डिस धावली.

भांडं पांढरं होतं.

"तुमचंच भांडं तुम्हाला कसं खाऊ घालणार, आर्डिस?" हार्लन म्हणाला. "ते बरं दिसत नाही. म्हणून मी सगळ्यांची बुडं तपासली. या घरी कॉरीनच्या हातची फरसबी असते हे अख्ख्या चर्चला माहीत आहे. म्हटलं, बिचारीचा हात दुखावलाय, यंदा तुम्ही सगळे तिच्या फरसबीला मुकाल. म्हणून तिचंच शोधून आणलं. गरमही करून आणलंय. ओव्हन आधी पेटवावा लागतो, हे आजच कळलं मला."

सासूबाईंनी भांडं उचलून बुडाशी पाहिलं. चिकटपट्टीवर ठसठशीत अक्षरांत कॉरीन!

"कॉरीन," सासूबाई म्हणाल्या, "हात दाखव."

"डाव्या हाताने केलं, आई…"

"दाखव."

कॉरीनने पट्टी ओढून काढली आणि पावाच्या पिशवीवर फेकली. मनगट ठणठणीत. "मला वीट आलाय!" ती ओरडली. मोठ्याने! आमच्या मिनेसोटात! "लग्न झाल्यापासून फरसबी, फरसबी, फरसबी! हिला बघा, दरवर्षी पिशवीतले पाव आणते, सकाळी उशिरापर्यंत झोपते! मला पाव हवेत!"

जिच्यावर ती आयुष्यभर जळली, ती बया तिच्यावर जळत होती! आणि कशासाठी? पावासाठी!

जेवायला बसले. सासूबाईंनी कॉरीनच्या फरसबीचा घास घेतला. वरचा कांदा चिंधीसारखा ओला झाला होता.

"कुरकुरीत कांदा नाही का घरात?" त्यांनी विचारलं.

आर्डिसच्या मांडीवर पर्स होती आणि पर्समध्ये डबा होता. तिने बटाट्याकडे पाहिलं. तोंड उघडलं नाही.

सासूबाईंनी काटा खाली ठेवला. "वेगळंच आहे हो."

हा शब्द कॉरीनच्या फरसबीला! आर्डिसला वाटलं, आता मेले तरी चालेल. आणि वर हार्लन बोलला, "आर्डिसचं मी काल रात्री खाल्लं. गारच खाल्लं, वर कांदाही नव्हता. पण मर्ना गेल्यापासून पहिल्यांदा पोटभर जेवलो. भांडं घासून ठेवलंय."

सगळ्यांनी आर्डिसकडे पाहिलं. सासूबाईंनीही पाहिलं, आणि चक्क बऱ्या नजरेने पाहिलं.

"मग ठरलं," त्या म्हणाल्या. "पुढच्या वर्षी फरसबी…"

आर्डिसने श्वास रोखला.

"…हार्लन आणेल. चांगलं कोणाचं ते त्याला कळतं, आणि खोटंही बोलत नाही. पाव कॉरीन."

"आणि मी?"

"तू कागदी प्लेटा आण."

आर्डिस उभी राहिली. कान तापले होते. "हे… हे जरा वेगळंच आहे हं, आई!"

कॉरीनचा काटा ताटात पडला. वेंडल म्हणाला, "बरं," आणि कोट आणायला गेला. सासूबाई मात्र फरसबीकडेच बघत होत्या. त्यांनी ऐकलं की नाही, देव जाणे.

परतीच्या वाटेवर आर्डिसने पर्समधून डबा काढला, झाकण ओढलं आणि मुठीमुठीने कांदा खायला लागली. गाडीभर कुरुमकुरुम. तिने डब्यासकट हात पुढे केला. "हवाय?"

"नको," वेंडल म्हणाला.

"घे, खबरदारी म्हणून."

"छे, तूच खा."

वेंडल एका हाताने गाडी चालवत होता. दुसरा हात हळूच मांडीवरून वर आला, तळवा वर करून थांबला. गावाबाहेरचं वळण गेलं, चर्च गेलं, घर जवळ आलं तरी तो तसाच होता.

आर्डिसने खिडकीबाहेर बघत उरलेला कांदा तोंडात टाकला. तिसऱ्यांदा तिने विचारलंच नाही.