हिरव्या ओळींचे जयंतभाई

चिंचणीच्या खानावळीत गेलं की आमचे जयंतभाई फळ्यावरचा सगळ्यात खालचा, कोणीच न मागणारा पदार्थ मागवतात. एकदा त्यांनी खेकडा पुलाव मागितला. मालक ओशाळला. "भाई, तो नुसता लिवलेला हाय."

"म्हणजे वाट आहे, पण चाललेलं कोणी नाही!" जयंतभाई खुलले. शेवटी आम्ही बोंबील-भातच जेवलो.

डहाणूतल्या आमच्या छोट्याशा सॉफ्टवेअर कंपनीत ते टेस्टर आहेत. चिकूच्या पेट्यांची बिलं करणारा आमचा प्रोग्राम. त्यात 'जर असं, तर तसं' अशा ढीगभर वाटा. चाचणी प्रोग्रामच्या ज्या ओळींवरून जाते त्या पडद्यावर हिरव्या होतात, बाकीच्या लाल राहतात. लाल ओळ दिसली की जयंतभाईंना घास गोड लागत नाही. रिकाम्या पेटीचंसुद्धा बिल काढून बघतात.

"रिकामी पेटी कोण पाठवणार, भाई?" मी वैतागतो.

"पाठवली तर?"

एकदा मी सगळ्या ओळी हिरव्या केल्या आणि पेढे मागवले. त्यांनी आधी पेढा खाल्ला, मग बिल बघितलं. बेरीज चुकली होती. "धावलं म्हणजे तपासलं नव्हे, दोस्ता. उत्तर कोणी बघितलं?" चुकीला बरोबर म्हणणं त्यांना जन्मात जमलं नाही. साहेबांच्या मुलीच्या लग्नपत्रिकेतली चूकही त्यांनी भर मांडवात दाखवली होती.

तलासरीला त्यांची थोरली बहीण एकटी राहते. आई गेल्यावर तिनंच यांना वाढवलं. तिला काचबिंदू झाला, तेव्हापासून रोज संध्याकाळी ऑफिसातून यांचा फोन. "ताई, जेवलीस? डोळ्यांत औषध टाकलंस? नीट दिसतंय ना?" पलीकडून प्रत्येक वेळी 'हो'. भाई समाधानानं फोन ठेवायचे. जायचं मात्र राहूनच जायचं.

दिवाळीला गेले, तर औषधाच्या बाटल्या कपाटात तशाच, सीलबंद. एकटीनं थेंब घालायचा तिला धीर होत नव्हता, आणि भावाला घोर नको म्हणून ती हो म्हणत राहिली होती. गेलेली नजर परत येत नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं.

"सगळं हिरवं दिसत होतं रे," ते मला म्हणाले. "मी उत्तर बघितलंच नाही."

आता ते तलासरीहूनच ये-जा करतात. उरलीसुरली नजर तरी टिकावी म्हणून स्वतःच्या हातानं थेंब घालतात. गेल्या रविवारी मी तिथे होतो. थेंब घालून झाल्यावर त्यांनी ताईसमोर दोन बोटं धरली.

"किती, ताई?"

ती त्यांच्या आवाजाकडे बघून हसली. "तीन."

जयंतभाईंनी हळूच तिसरं बोट वर केलं.

"बरोबर," ते म्हणाले.