गोधडीतली जाहिरात

वीरभद्रनं कापसाच्या जिनिंगमधली कारकुनी सोडायचं ठरवलं ते एका लग्नाच्या मांडवात. तो माइकवर आहेर पुकारत होता. नवरदेवाचा मामा त्याचा हात धरून म्हणाला, "आहेर पुकारावा तर तुमीच. आमचं साधं धोतर, पण तुमच्या तोंडून लई भारी वाटलं." पोटभर जेवलेला माणूस मांडवात काय वाटेल ते बोलतो, पण वीरभद्रला ते खरं वाटलं आणि सोमवारी त्यानं राजीनामा दिला. (मॅनेजरनं तो लगेच मंजूर केला, यातला अर्थ त्याला बऱ्याच उशिरा कळला.)

दिवसच तसे होते. केजात नुकतीच केबल आली होती, साड्यांचे सेल लागायला लागले होते आणि हे सगळं लोकांना ओरडून सांगायला कुणीतरी हवं होतं. जीपवर कर्णा बांधायचा, टेपमध्ये कॅसेट घालायची आणि बाजारातून फिरायचं. त्या कॅसेटी आपण घरी बसून भरायच्या, असा वीरभद्रचा बेत होता. साहेब नाही, हजेरी नाही, वाटलं तर दुपारी झोप. मात्र घाटनांदूरला किराणा दुकान चालवणाऱ्या थोरल्या भावानं, योगीराजनं, बजावून ठेवलं होतं, की दोन महिन्यांत जम बसला नाही तर मुकाट्यानं बिऱ्हाड घेऊन इकडं यायचं आणि तराजू धरायचा. वीरभद्रला तराजूचं काही नव्हतं. दादाच्या हाताखाली जन्म काढायची धास्ती होती. त्याची बायको रुद्राणी हिलाही केज सोडायचं नव्हतं. म्हणून तीही म्हणाली, करून तर बघा.

दीड महिना माशा मारण्यात गेला. मग त्रिंबकशेठच्या साडी दुकानाचं काम आलं. येत्या बाजाराला सेलची कॅसेट वाजवायची, आणि जमली तर वर्षभराचं काम पक्कं.

अडचण होती ती घराची. घरात बसलेला नवरा कितीही कामात असला तरी रिकामाच दिसतो. वीरभद्र टेपसमोर बसला की घराला दळण आठवायचं. नाहीतर "बसलेच हाव तर लसूण सोला" म्हणून परात पुढं यायची. त्यानं दारावर 'काम चालू आहे' अशी पाटी लावली. ती वाचून गल्लीतल्या दोघी जणी घरात काय बांधकाम काढलंय ते बघायला आल्या आणि चहा पिऊन गेल्या.

उपाय अखेर आईच्या पूजेत सापडला. उमाबाई रोज सकाळी तळहातावर लिंग घेऊन तासभर पूजेला बसत. त्या वेळात त्या स्वतः बोलत नसत आणि दुसऱ्या कुणाला बोलू देत नसत. रुद्राणी भांडंसुद्धा दबकत ठेवायची. वीरभद्रनं आईला विनंती केली, की कॅसेट भरायच्या दिवशी पूजा जरा लांबव. उमाबाई म्हणाल्या, "तुझ्या साड्यापायी महादेवाला काहून ताटकळत ठेवू?" तरी त्या दिवशी त्यांनी बेलाची पानं एकेक करून वाहिली.

स्वयंपाकघराला लागून असलेल्या खोलीत, टेपसकट डोक्यावरून गोधडी घेऊन, वीरभद्रनं आधी बराच वेळ मजकूर घोकला, मग रेकॉर्डिंगची दोन बटणं एकदम दाबली आणि "या, या, या" असं सुरू केलं. घामानं तो निथळला, पण मजकूर एका दमात झाला. तेवढ्यात पूजा संपल्याची घंटाही वाजली. आनंदाच्या भरात तो गोधडी भिरकावून शेठला वर्दी द्यायला पळाला आणि टेप बंद करायचा राहून गेला. परत आला तेव्हा कॅसेटची बाजू संपून बटणं आपोआप वर आली होती. त्यानं कॅसेट तपासली नाही असं नाही. तीन वेळा ऐकली. पण दर वेळी आपला आवाज थांबला की टेप बंद केला. त्यापुढं ऐकण्यासारखं काही नसणार अशी त्याची खात्री होती.

बाजाराच्या दिवशी बंकट ड्रायव्हरनं भर गर्दीत जीप उभी केली, कॅसेट लावली आणि चहाला गेला. वीरभद्र भाजीवाल्यांच्या मागं उभा राहून लोकांचे चेहरे बघत होता. कुणी वर मानही करत नव्हतं. मजकूर संपला, थोडी खरखर झाली आणि कर्ण्यातून रुद्राणीचा तासभर दाबून धरलेला आवाज बाहेर पडला.

"ये बबिता, बस. आमचे हे तासभर गोधडीत बसून 'या, या' करत होते. कुणी आलं न्हाई."

बाजार हसला. रोज दूध घालायला येणाऱ्या बबितानं कॅसेटीत विचारलं, की त्या सेलमधी काही राम हाय का.

"माल चांगला हाय," कर्णा म्हणाला. "पण सकाळी जाऊ नको. सकाळी शेठ असतो, तो भावात ऐकत न्हाई. दुपारी तो जेवायला जातो अन् गल्ल्यावर त्याचा मेहुणा बसतो. साडी पसंत करायची, ठेवून द्यायची अन् दोन पायऱ्या उतरायच्या. तिसरीवर पाय पडायच्या आत हाक मारतो बघ."

वीरभद्र जीपकडं धावला. पण जीपभोवती बायांचं कडं पडलं होतं. एक जण त्याला कोपरानं मागं सारत म्हणाली, "थांबा की भाऊ, जरीचं सांगायलीय ती."

दुपारी तो माफी मागायला दुकानाकडं गेला आणि कोपऱ्यावरच थबकला. दुकानाच्या पायऱ्या बायांनी भरल्या होत्या. दोन पायऱ्या उतरून, पाठ फिरवून, सगळ्या हाकेची वाट बघत उभ्या होत्या. आत मेहुण्याचा आवाज बसला होता. शेठचा माल मातीमोल जाणार असं धरून वीरभद्रनं तिथूनच घर गाठलं.

सगळं ऐकून रुद्राणी खाली बसली. "माझ्या तोंडानं तुमचं काम घालवलं," ती म्हणाली आणि तिचे डोळे भरून आले. वीरभद्रलाही तिच्यावर रागावता येईना; टेप चालू त्यानंच ठेवला होता. ती उठून घाटनांदूरला न्यायची भांडी वेगळी काढू लागली आणि तोही मुकाट्यानं पोत्याचं तोंड धरून उभा राहिला.

संध्याकाळी त्रिंबकशेठची स्कूटर दारात थांबली. शेठ आत आले, पाणी प्यायले आणि म्हणाले, "तीन वर्सापासून पडलेला माल एका दुपारी गेला. मेहुणा झोपलाय, त्याला बोलता येईना. दिवाळीची कॅसेट वैनीनंच भरायची."

रुद्राणीनं पदरानं डोळे पुसले आणि आपल्या अटी सांगितल्या. ती स्वयंपाक करता करताच बोलणार, बबिता समोर पाहिजे, रंग जाणाऱ्या साडीला चांगलं म्हणणार नाही, आणि काम यांच्याच नावावर राहील. शेठनं सगळं कबूल केलं. वर्षाचं काम पक्कं झालं. पूजेच्या जागेवरून उमाबाई म्हणाल्या, आता पोत्यातली भांडी काढा, भाकरी टाकायला तवा न्हाई घरात. सगळे हसले आणि वीरभद्रला फार दिवसांनी हलकं वाटलं.

शेठला स्कूटरपर्यंत सोडायला गेल्यावर त्यानं घसा साफ करून विचारलं, की सुरुवातीला आपला आवाज ठेवायचा ना.

"ठेवा की," शेठ किक मारत म्हणाले. "तुमचं सुरू झालं की बायांना कळतंय, कामाचं बोलणं अजून यायचंय. तेवढ्यात त्या भाजी घेऊन मोकळ्या होतेत."